कुबडीला हात लावू नये

थर्मोस्टॅटला कुलूप लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि आमच्या नशिबाने तोच आमचा घरमालक निघाला. भिंतीवरच्या त्या तळहाताएवढ्या यंत्रावर त्यांनी पारदर्शक प्लास्टिकचा डबा ठोकला होता आणि डब्याला पितळी कुलूप. आत घराच्या तापमानाचा वीस हा आकडा दिसायचा. बघा आणि गप्प बसा, असा एकूण प्रकार. फेल्डहोवन या इथल्या डच गावातल्या त्या घराच्या किल्ल्या देताना त्यांनी सगळं फिरून दाखवलं. या डब्याची किल्ली मी मागितली, तेव्हा म्हणाले, "विरजण लावलंय. पातेलं हलवायचं नाही."

मला तेव्हाच राग आला होता. पुढे तो वाढतच गेला.

त्यांना आम्ही काका म्हणायचो, कारण वयाने मोठ्या मराठी घरमालकाला दुसरं काय म्हणणार. ते मात्र आम्हाला, माझ्या आईला, पुढे आमच्या चार दिवसांच्या मुलीलासुद्धा अहो-जाहो करायचे. त्यात आदर वगैरे नव्हता, लांब राहा एवढंच होतं. शीतगृहांची यंत्रं बसवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी इथे तीस-पस्तीस वर्षं काढली होती. मधली भिंत एकच असलेली दोन घरं त्यांची. एकात ते एकटे, दुसऱ्यात भाडेकरू. भाडेकरूंच्या घरात त्यांनी स्वतः गणित मांडून, स्वतः निवडून हीट पंप बसवून घेतला होता. आणि स्वतःच्या घरात? जुना गॅसचा बॉयलर. यंत्र एवढं गुणी आहे तर तुमच्याकडे का नाही, असं मी एकदा तोंडावर विचारलं. म्हणाले, मी एकटा माणूस, मला स्वेटर पुरतो, यंत्राची परीक्षा भरल्या घरात होते. म्हणजे प्रयोग आमच्यावर.

स्वेटर पुरतो हे खरं होतं. बारा महिने कानटोपी, अंगात एकावर एक दोन स्वेटर, आणि वरच्या स्वेटरला शिवून घेतलेल्या खिशात दोन थर्मामीटर. लोक पेन ठेवतात तसे. त्यांच्या घरात पंधरा-सोळाच्या वर आकडा जात नसे. कुठेही गेले की आधी खोलीचं तापमान घ्यायचे, मग बसायचे. मंडळाच्या गणपतीत आरती रंगात आलेली असताना हे गृहस्थ हॉलचं एकेक दार लावत फिरत. एकदा आमच्याकडे जेवायला बोलावलं, तर वाढलेल्या वरणात थर्मामीटर बुडवून म्हणाले, "बासष्ट. थांबा जरा." माझा नवरा हसला. त्याला काकांचं कौतुक होतं. तो चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करतो आणि यंत्राला जपणारा कोणीही माणूस त्याला संत वाटतो. मला मात्र ते वरण ओतून द्यावंसं वाटलं होतं. थर्मामीटर त्यांनी आधी धुतला होता की नाही, देव जाणे.

त्यांचं भाषण ठरलेलं असे. थंड हवेतसुद्धा उष्णता असते, ती वेचून घरात आणायची, एवढंच हे यंत्र करतं. लोकांना गरम म्हणजे चटका हवा असतो. गॅसवरचा रेडिएटर चटका देतो म्हणून लोकांना तो आवडतो. हे चटका देणार नाही, दिवसभर थोडं थोडं देत राहील. झोपताना कमी करून सकाळी वाढवायचं नाही, कारण उतरलेलं घर वर यायला अख्खा दिवस खातं. थंडी वाढली की यंत्र जास्त वेळ घुमेल, घुमू द्या. बाहेर त्याच्या अंगावर बर्फ धरेल, धरू द्या. आणि जमिनीवर काही अंथरू नका.

शेवटचं मी मनावरच घेतलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला आपल्या फरश्यांची काळजी.

पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी बागेतल्या त्या यंत्रातून पांढऱ्या वाफेचा असा लोट उठला की मी बादलीभर पाणी घेऊन धावले. काका कुंपणापलीकडून आले, माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि ते पाणी माझ्याच गुलाबांना घातलं. ते बर्फ झाडतंय, दहा मिनिटं दम धरा, म्हणाले. खरोखर दहा मिनिटांत पंखा पुन्हा फिरू लागला. मला बरं वाटायला हवं होतं. पण त्यांनी खिशातला थर्मामीटर काढून वाफेत धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचे चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

मुलगी झाली ती पुढच्या जानेवारीत, दिवस भरायच्या आधीच. अडीच किलोहूनही कमी. बाळंतपणाला जळगावहून आई आली. जळगावची बाई, वैशाखात पंचेचाळीस अंशात पापड वाळवणारी. इथल्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि म्हणाली, इथे माणसं कशाला राहतात. घरात आल्यावर तिने फरशीला हात लावून पाहिला, वरच्या खोलीतल्या रेडिएटरला लावून पाहिला आणि निकाल दिला. "हे काय गरम? तापातून उठलेल्या माणसाचं कपाळ याहून गरम लागतं."

आईला बाळंतिणीची खोली हवी होती. शेगडी, ओव्याची धुरी. धुरी पहिल्याच दिवशी छतावरच्या स्मोक अलार्मने बंद पाडली. मग आईने जमीन धरली. जिना उभा, म्हणून मी आणि बाळ खालीच, मागच्या अर्ध्या खोलीत होतो. तिथे तिने बॅगेतून आणलेल्या दोन सोलापुरी सतरंज्या घातल्या, त्यावर आमच्या घरातल्या दोन, त्यावर गाद्या, आणि उरलेल्या जागेत जुन्या दुलया. भिंतीपासून भिंतीपर्यंत. जमिनीतला गारवा वर येतो, खाली जाड हवं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. इथे त्या जमिनीतूनच ऊब वर येते, फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत, हे मला कागदावर ठाऊक होतं. पण मी आईच्या हाताखाली सतरंजीचं टोक धरून उभी होते, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

त्याच आठवड्यात थंडीची लाट आली. उणे नऊ, आणि वर पूर्वेचा वारा. कालव्यावर बर्फ धरला, सायकलची कुलपं गोठली. खोली वीसवरून एकोणीस झाली, मग अठरा. आईने केसांतल्या आकड्याने ते पितळी कुलूप उघडलं, मला न विचारता. झोपताना ती आकडा सोळावर आणायची, कारण दुलईत असताना वीज कशाला जाळायची, आणि उठली की सव्वीसवर. आम्ही सगळे तिचं कौतुक करत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीत साडेसोळा होतं.

क्रामझोर्खची बाई, म्हणजे इथे बाळंतिणीच्या घरी आठवडाभर येते ती नर्स, रोजच्या वेळेला आली. या बायकांना घर गार असल्याचं काही वाटत नाही, बाळाचं अंग गार झालेलं मात्र चालत नाही. तिने मुलीचं तापमान घेतलं. छत्तीस पूर्णांक एक. पुन्हा घेतलं. तेवढंच. तिने धातूची गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पाळण्यात ठेवली, मुलीला माझ्या उघड्या छातीवर दिलं आणि शांतपणे सांगितलं की दुपारपर्यंत वर आलं नाही तर हॉस्पिटलात न्यायचं. मुलगी रडतही नव्हती. तिचे पाय माझ्या पोटाला लागत होते, आणि ते गार होते. मी नवऱ्याला म्हटलं, त्या माणसाला बोलाव.

काका शेजारून पायमोज्यांतच आले. बाळाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. उघड्या डब्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "अंथरलंय," एवढंच म्हणाले. मग वाकले आणि सतरंजीचं टोक धरून ओढायला लागले. तिच्यावर आई बसली होती.

"आजी, उठा."

आईला तिच्या पन्नास वर्षांच्या संसारात बसल्या जागेवरून कोणी उठवलं नव्हतं. ती उठली, पण तिचा चेहरा मी पाहिला आणि माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. काका एकेक गादी उभी करून जिन्यापाशी नेत होते आणि म्हणत होते की गेल्या आठवड्यापर्यंत घर वीस होतं, यंत्रात काही दोष नाही, दोष अंथरुणात आहे आणि झोपताना उतरवण्यात आहे. नर्सला मराठी येत नव्हती, तरी ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात नवऱ्याने दाराजवळून मला हाक मारली. फ्यूज उडालाय का बघायला तो मीटरकास्टपाशी गेला होता, म्हणजे इथे प्रत्येक घरात दाराशी असतं ते वीजमीटरचं कपाट. त्यातला एक खटका खाली पाडलेला होता आणि त्यावर पांढरी चिकटपट्टी. पट्टीवर काकांच्या अक्षरात, मराठीत, म्हणजे इथल्या मेकॅनिकला कळू नये असं, लिहिलं होतं: कुबडी. हात लावू नये.

हीट पंपाच्या पोटात विजेची एक कॉइल असते. फार कडक थंडीत यंत्राचा दम कमी पडला तर ती मदतीला येते. माझ्या नवऱ्याने हे मला तिथेच, दबक्या आवाजात सांगितलं. काकांनी ती यंत्र बसवलं तेव्हापासून बंद ठेवली होती. का, तर कुबडी दिली की यंत्राची खरी ताकद कळत नाही. आपण निवडलेलं यंत्र कुबडीशिवाय चालतं, हे त्यांना दाखवायचं होतं. कोणाला? ते मला आजही कळलेलं नाही.

मी बाळ नर्सकडे दिलं आणि उठून त्यांच्यासमोर गेले. चार दिवसांची बाळंतीण. "तुम्हाला पोरबाळ असतं ना काका," मी म्हटलं, "तर तुम्ही हे केलं नसतं."

त्यांची बायको जाऊन वीस वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. इथल्या मराठी माणसांत हे सगळ्यांना माहीत होतं. का नव्हतं, हे कोणी विचारत नसे. मला ते माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच मी ते बोलले. नेम धरून.

काकांनी हातातली सतरंजी चौघडी केली, जिन्याच्या पायरीवर नीट ठेवली, मीटरकास्टपाशी गेले आणि खटका वर केला. मग पायमोज्यांतच बर्फावरून घरी गेले.

दुपारपर्यंत खोली अठरावर आली, संध्याकाळी एकोणीसवर. मुलीचं अंग नर्स जायच्या आतच छत्तीस सहावर आलं होतं. हॉस्पिटलात जावं लागलं नाही. ते श्रेय बाटलीचं, माझ्या अंगाचं, फरशीचं की कुबडीचं, हा वाद नवरा आणि आई अजून घालतात. मी घालत नाही.

दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅटवरचं पितळी कुलूप नव्हतं. काका ते कधी येऊन घेऊन गेले, कळलं नाही. डबा तसाच. मी माफी मागायला जाणार होते. त्या आठवड्यात, मग आई परत जायच्या आधी, मग मुलीच्या बारशाला त्यांना बोलवायच्या निमित्ताने. बारशाला ते आले, खोलीचं तापमान घेतलं, पाळण्यापासून दहा फुटांवर उभे राहिले आणि पेढा घेऊन गेले. माझं राहून गेलं.

त्यानंतर दर थंडीच्या लाटेनंतर ते यायचे ते कुबडीचे तास बघायला. कॉइल किती तास चालली ते यंत्राच्या पडद्यावर दिसतं. भांडणाच्या वर्षी तिथे सव्वीस तास होते, आणि तो आकडा त्यांनी सुतकातल्यासारखा वाचला होता. पुढच्या वर्षी लाट आली आणि गेली. ते आले, पडद्यासमोर वाकले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "शून्य."

त्याच्या पुढच्या वर्षीही शून्य. त्याच्याही पुढच्या. म्हणजे यंत्र कुबडीशिवाय चालतं, म्हणजे मीच मूर्ख, माझ्या सतरंज्याच मूर्ख. असं ते म्हणायचे नाहीत, शून्य म्हणायचे. पण मला ऐकू यायचं.

आणि यात संतापाची गोष्ट पुढे आहे. एका संक्रांतीला, ऐन थंडीत, मी तिळगूळ द्यायला त्यांच्याकडे गेले. दार उघडलं तर आतून भट्टीसारखा गरम झोत आला आणि समोर काका, बनियनवर. कानटोपी नाही, स्वेटर नाही, कपाळावर घाम. एरवी पंधरा अंशात राहणारा हा माणूस. मागे खोलीत मला आमच्या बाजूची भिंत दिसली, उघडी, तिच्यावर कपाटाची फिकट चौकट उमटलेली. कपाट खोलीच्या मध्यात आणून ठेवलं होतं, वेड्यासारखं. तिळगूळ घेतला, गोड बोला वगैरे काही नाही, गारवा येतो म्हणाले आणि दार लावलं. बाहेर येऊन मी वर पाहिलं. त्यांच्या छपरावरच्या धुराड्यातून गॅसची पांढरी वाफ अखंड निघत होती.

मी घरी येऊन नवऱ्याला फैलावर घेतलं. आम्हाला भाषणं, आम्हाला वीस, आणि हे स्वतः गॅस जाळून बनियनवर बसणार. नवरा म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजते. मी म्हटलं, थंडी वाजणारा माणूस बनियनवर बसत नाही. पण पुढचा विचार मीही केला नाही. रागात माणूस दोन आणि दोनसुद्धा मिळवत नाही.

गेल्या शरद ऋतूत काका अंगणात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातून त्यांना घरी आणलं नाही, वृद्धांच्या काळजीगृहात नेलं. शेजारचं घर बंद पडलं. या फेब्रुवारीत लाट आली, उणे सात, पूर्वी पाहिली त्यापेक्षा सौम्यच. आणि घर अठरावर आलं. कुबडीचे तास रोज वाढायला लागले. मला वाटलं, यंत्र गेलं. मेकॅनिकला बोलावलं. आली ती पन्नाशीची, दणकट बाई. तिने बाहेरचं यंत्र उघडलं, पाण्याचं तापमान पाहिलं, सगळं ठीक म्हणाली. मग आत येऊन मधल्या भिंतीवर पंजा टेकवला आणि विचारलं, पलीकडे कोण राहतं?

मी म्हटलं, आता कोणी नाही.

"मग हेच कारण," ती म्हणाली. हे यंत्र या घराला एक नंबर लहान आहे, पहिल्यापासूनच. कडक थंडीत ते एकट्याने घर तापवू शकत नाही. इतकी वर्षं चाललं असेल तर शेजारचा माणूस आपलं घर तापवून अर्धी भिंत तुम्हाला देत असणार. चांगला शेजारी होता, म्हणाली आणि सही घेऊन गेली.

मी भिंतीला हात लावला. गार होती. बाळंतपणानंतर मी महिनोन् महिने त्या भिंतीला पाठ टेकून मुलीला पाजलं होतं. ती तेव्हा गार नव्हती. मला बनियन आठवलं, मध्यात आणलेलं कपाट आठवलं. जमिनीवर अंथरू नका म्हणणाऱ्या माणसाने भिंतीवरचं झाकण काढलं होतं.

मला रडू यायला हवं होतं, असं नवरा म्हणतो. मला राग आला. असा राग, की मी सायकल काढली आणि तोंडावर वारा घेत काळजीगृहात गेले. जाताना मी मनाशी पक्कं केलं होतं, आधी ते वाक्य मागे घ्यायचं. पाच वर्षं झाली, आज ते बोलायचंच.

काका खिडकीपाशी खुर्चीत होते. दोन स्वेटर, कानटोपी. खोली चांगली चोवीस असेल. मला पाहून त्यांनी खिसा चाचपला आणि थर्मामीटर नाही म्हणून वैतागले. मी बसलेही नाही. यंत्र एक नंबर लहान आहे, तुमचं गणित चुकलं होतं, ते तुम्हाला त्या दिवशीच कळलं, आणि तुम्ही पाच वर्षं मला शून्य दाखवत आलात, हे सगळं मी एका दमात बोलले. शेजारच्या खोलीतली म्हातारी डोकावून गेली.

"एकच सांगा," मी म्हटलं. "पोरीसाठी केलंत की त्या शून्यासाठी?"

त्यांनी कानटोपी कानांवर खाली ओढली.

"त्यांचे पाय गार पडतात का?" त्यांनी विचारलं.

त्यांचे म्हणजे माझ्या मुलीचे. अजून अहो-जाहो.

"नाही."

"मग यंत्र ठीक आहे."

मी ठीक नाही म्हटलं, ते ठीक आहे म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, तेही पुन्हा म्हणाले. मग जेवणाची गाडी आली आणि मला निघावं लागलं. सायकलचं कुलूप काढताना लक्षात आलं, की वाक्य तसंच राहिलं. या माणसाने थर्मोस्टॅटचं कुलूप काढलं, कुबडी चालू केली, कपाट हलवलं. माझं एकच वाक्य होतं, आणि तेही मला मागे घेता आलं नाही. त्यांचा राग येतो, पण त्या दिवशी कालव्याच्या कडेने परतताना जो आला तो माझा स्वतःचा होता.

रविवारी पुन्हा जाणार आहे. या वेळी मुलीला नेईन आणि त्यांच्यासमोर तिचे मोजे काढीन. तिचे पाय गार पडत नाहीत हे त्यांनी दहा फुटांवरून नको, एकदा स्वतः हात लावून बघावं.